सहा देणारे, सहा घेणारे

स्वयंपाकातल्या मिठात धन आणि ऋण आयनांना विद्युत आकर्षण एकत्र धरतं. या आकर्षणाला विशिष्ट दिशा नसते. अनेक सेंद्रिय क्षारांत मात्र हायड्रोजन बंधही असतात आणि ते दिशा पाळतात: नायट्रोजनवरचा हायड्रोजन नेमक्या एखाद्या ऑक्सिजनकडे रोखलेला असतो.

ग्वानिडिनियम सल्फोनेट हे मला यातलं सर्वांत देखणं उदाहरण वाटतं. सपाट ग्वानिडिनियम आयनावर बंध देणारे सहा हायड्रोजन असतात. सल्फोनेटवर तीन ऑक्सिजन, प्रत्येकी दोन बंध घेणारे. हिशेब चोख जुळतो आणि षटकोनी नक्षीचे थर विणले जातात. नायट्रोजन-ऑक्सिजन अंतर साधारण 2.9 अँगस्ट्रॉम. सल्फोनेटच्या सेंद्रिय शेपट्या थराबाहेर डोकावतात. शेपटी जाडजूड असली तर थराला चुण्या पडतात, पण जाळी सहसा टिकते. अमेरिकेतल्या मायकेल वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हे दाखवलं. पुढे थरांमधल्या पोकळ्यांत इतर रेणूही बसवता आले.

अशा क्षारांची रचना क्ष-किरणांनी तपासताना एक अडचण येते. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे क्ष-किरणांना तो धूसर दिसतो. क्षार बनताना आम्लाचा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, आम्लाकडून खरंच निघाला की अर्ध्या वाटेवर आहे, हा वाद असेल तर न्यूट्रॉन विवर्तनाकडे जावं लागतं.