जुनी स्क्रिप्ट, नवा सर्व्हर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपतीला मुंबईहून कोकणात यायचे तिकीट काढले, की चाकरमानी रोज पाहतो ती वेटिंग लिस्ट. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पुढे इंटरनेटमुळे ही चौकशी घरबसल्या होऊ लागली. दहा आकडी पीएनआर नंबर टाकायचा, की उत्तर हजर. त्या काळी रेल्वेच्या त्या पानाच्या पत्त्यात ‘सीजीआय’ ही इंग्रजी अक्षरे असत. आजचे बोलणे त्या अक्षरांविषयी आहे. मी कवी, बी.ए. झालेला माणूस. पण पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने मला हे समजावले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

सीजीआय म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत 1993 मध्ये तो ठरला. त्याआधी सर्व्हर लिहून ठेवलेले पान जसेच्या तसे हाती देई. सीजीआयमुळे तो एखादा छोटा प्रोग्राम चालवून ताजे उत्तर देऊ लागला. अशा प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. त्या काळच्या बऱ्याच स्क्रिप्ट पर्ल या भाषेत आहेत.

ही स्क्रिप्ट रोजंदारीच्या गड्यासारखी. प्रश्न आला की गडी बोलवायचा, काम सांगायचे, उत्तर घ्यायचे आणि त्याला घरी पाठवायचे. पुढच्या प्रश्नाला पुन्हा नवा गडी. दिवसाला पन्नास प्रश्न असतील तर काही बिघडत नाही. पण एकाच मिनिटात हजारो माणसे आली, तर गडी बोलावण्यातच सर्व्हरचा दम निघतो.

म्हणून पुढे कायमचा कारकून ठेवायची पद्धत आली. प्रोग्राम एकदाच सुरू होतो आणि खिडकीवर बसून राहतो. सर्व्हरने त्याला प्रश्न कसा द्यायचा आणि त्याने उत्तर कोणत्या साच्यात द्यायचे, याचे करार झाले. पायथन भाषेसाठी 2003 मध्ये डब्ल्यूएसजीआय आणि पर्लसाठी 2009 मध्ये तात्सुहिको मियागावा या जपानी प्रोग्रामरने पीएसजीआय मांडला. उत्तराचे तीन भाग ठरले: काम झाले की नाही याचा आकडा, मजकुराची माहिती आणि खुद्द मजकूर. आम्ही कवी वृत्त पाळतो, तसेच हे. आशय आपला, साचा ठरलेला.

मग जुन्या स्क्रिप्टचे काय करायचे? माझ्या एका मित्राने कोकणी मुसलमानांच्या घरातली लग्नगीते गावोगाव फिरून जमवली आणि 2004 मध्ये वेबसाइटवर ठेवली. गावाचे नाव टाकले की तिथली गाणी समोर येत. ती सांगणाऱ्या बहुतेक बाया आता हयात नाहीत. साइट नव्या सर्व्हरवर नेली आणि शोध बंद पडला. गाणी फायलीत होती, पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट बुजली होती.

“मामू, सगळं नव्यानं लिहायची गरज नाही,” भाचा म्हणाला. त्याने मध्ये एक अडॅप्टर बसवला. नव्या पद्धतीने आलेला प्रश्न तो जुन्या पद्धतीने स्क्रिप्टला सांगतो आणि तिने छापलेले उत्तर तीन भागांत मांडून सर्व्हरला देतो. शोध सुरू झाला.

पण एक गंमत झाली. आधी राजापूरची गाणी मागितली, नंतर दापोलीची. तर दापोलीच्या यादीत राजापूरचीही आली. रोजंदारीचा गडी घरी जाताना सगळे विसरून जाई. कायमच्या कारकुनाच्या टेबलावर मात्र आधीच्या माणसाचा कागद तसाच पडून राहिला. इथे निभावले, कारण ती गाणीच होती. दवाखान्याच्या किंवा बँकेच्या स्क्रिप्टमध्ये हेच घडले, तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्यापुढे उघडेल. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला जुनी माहिती पुसायची, हा पहिला नियम.

दुसरे असे, की जुन्या स्क्रिप्टच्या शेवटी बरेचदा ‘बाहेर पड’ अशी आज्ञा असते. पूर्वी ती बिनधोक होती. आता अडॅप्टरने ती अडवली नाही, तर खिडकीवरचा कारकूनच उठून जातो. तिसरी बाब आपल्या भाषेची. नवा करार मजकूर बाइटच्या रूपात मागतो, म्हणून देवनागरी अक्षरे आधी यूटीएफ-8 मध्ये बदलावी लागतात. नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात किंवा पानच येत नाही.

हे काम पुढे ढकलण्यासारखेही नाही. पर्लने सीजीआयचा आपला जुना भाग 2015 मध्ये मुख्य संचातून काढला. तो वेगळा मिळतो. पायथनने आपला 2024 मध्ये काढला. आपल्या शाळेची, वाचनालयाची किंवा मंडळाची अशी जुनी साइट असेल, तर ती चालू आहे तोवरच स्क्रिप्ट आणि माहिती या दोन्हींची प्रत काढून ठेवा. नवी व्यवस्था बसवल्यावर जुनी लगेच बंद करू नका. दोघींना तेच पंचवीस प्रश्न विचारा, तेही उलटसुलट क्रमाने, आणि उत्तरे ताडून पाहा. ती जुळली, की मगच जुनीला निरोप द्या.