इंदूरचा सराफा : रात्रीचा पायी फेरफटका

होळकरांच्या रियासतीची राजधानी असलेल्या इंदुरात, सात मजली राजवाड्यापासून अगदी थोड्या अंतरावर जो सराफा बाजार आहे, तो दिवसा सोन्याचांदीच्या व्यवहारात गढलेला असतो. परंतु रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांची दारे बंद होऊ लागली, की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात, आणि मध्यरात्र उलटल्यावरही तेथील वर्दळ ओसरत नाही. वाहन दूर ठेवून येथे पायीच यावे, आणि प्रथम बाजार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता पाहून घ्यावा.

खाण्याचा आरंभ भुट्ट्याच्या किसाने करावा. कोवळी मक्याची कणसे किसून, तो कीस तुपात मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतून, दूध घालून मंद आचेवर आटवलेला हा माळव्याचा पदार्थ, माझ्या मते, या बाजाराचे सर्वांत अस्सल वैभव होय. थंडीच्या दिवसांत गराडू अवश्य शोधावा. हा कंद तळून, त्यावर जीरावन मसाला भुरभुरून व लिंबू पिळून देतात.

मराठी माणसाने साबुदाण्याची खिचडीही मुद्दाम चाखावी. ती येथे आपल्यासारखी कढईत परतलेली नसून वाफेवर शिजवलेली असते, आणि गिऱ्हाइकासमोर तीत मसाला व कुरकुरीत फरसाण कालवून देतात. जिलबीचा थोरला अवतार जो जलेबा, तो मात्र दोघांत एकच घ्यावा. सकाळी लवकर जाग आली, तर पोहे-जिलबीसाठी पुन्हा राजवाड्याच्या परिसरात यावे.