यंत्रापुढचा माणूस

विहिरीवरची मोटर सुरू केली की स्टार्टरचा दिवा लागतो. पण तेवढ्यावरून उसाला पाणी पोचले असे कोणी शेतकरी मानीत नाही. तो बांधावर जाऊन पाट पाहतो. वीज आली एवढेच दिवा सांगतो. पाणी पडते की नाही, हे दिव्याला काय ठाऊक?

ही साधी गोष्ट एका मोठ्या वीजकेंद्राच्या रचनेत विसरली गेली, त्याची ही हकिगत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे अणुशक्तीवर वीज होत असे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तेथील दुसऱ्या भट्टीचे काही पंप बंद पडले. दाब वाढला, तो सोडण्यासाठी एक झडप आपोआप उघडली आणि भट्टीही आपोआप थांबली. इथपर्यंत ठीक. पण दाब उतरल्यावर झडप मिटायची, ती मिटलीच नाही. आता थांबलेली भट्टीसुद्धा, बरं का, निखाऱ्यासारखी धगधगत असते. तिला पाणी लागतेच, आणि तेच पाणी झडपेवाटे निघून चालले.

नियंत्रण-कक्षातला दिवा मात्र विझला होता. झडप मिटली, असा माणसांनी अर्थ घेतला. वास्तविक, झडपेला मिटण्याचा हुकूम गेला, एवढेच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, ते सांगणारा दिवाच नव्हता! सांडलेले पाणी ज्या टाकीत जमत होते तिचा काटा फलकाच्या मागल्या बाजूस. त्यात पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर इशारे एकदम सुरू झाले. वर्गातली सगळी मुले एकदम ओरडली तर मास्तरांनी ऐकायचे कुणाचे? दुसरा एक काटा पाणी भरपूर असल्याचे भासवीत होता. पाणी जास्त होऊ देऊ नका, असे तर शिकवणीत बजावलेले. तेव्हा त्यांनी बाहेरून येणारे पाणीच कमी केले.

दोन तासांहून अधिक वेळ हे चालले. मग नुकत्याच कामावर आलेल्या एका माणसाला शंका आली आणि त्या वाटेवरची दुसरी झडप बंद झाली. तोवर उशीर झाला होता. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. ती भट्टी पुन्हा कधी चालली नाही.

कामगार चुकले, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या चौकशी आयोगाने त्यांच्या चुका झाकल्या नाहीत. पण अपुरे शिक्षण, गोंधळाच्या सूचना आणि कक्षाची सदोष मांडणी यांवरही बोट ठेवले. त्यानंतर अमेरिकेतील अशा केंद्रांत ही झडप खरोखर उघडी आहे की मिटलेली, हे थेट दाखविण्याची सोय करावी लागली.