फरशी बद्द वाजते

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळची नवी इमारत, सहावा मजला, सकाळचे साडेनऊ. मी गुडघे टेकून फरशी वाजवत होतो आणि घराचे मालक शेजारी हाताची घडी घालून बघत उभे होते. हातात लाकडी मुठीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर, उलटा धरलेला. आमची आई कुंभाराकडे माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची, तसंच हे काम. टणक वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. फरशीची अडचण एवढीच की ती आधीच खाली असते.

हॉलमधल्या अकरा फरश्या बद्द वाजल्या. खडूने फुल्या मारल्या. मग फोन जमिनीवर ठेवला, एका फरशीचे चार कोपरे आणि मध्य असे पाच ठोके रेकॉर्ड केले आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. फोटो टाकून उपयोग नव्हता. फोटोत ती फरशी आरशासारखी चकाकत होती.

मी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोहोचतोय तोवर कोल्हापूरच्या मित्राचं उत्तर आलं : ‘मध्ये टणक, कोपरे बद्द. ठिपके देऊन चिकटवलीय. एखादी काढायची असेल तर पाठ बघा.’ बाल्कनीच्या दाराजवळच्या एका फरशीचा कोपरा उडालेला होता, ती बदलायचीच होती. सुपरवायझरने कुरकुरत काढली. पाठीवर चिकट मसाल्याचे पाच लाडू, मध्ये एक आणि कोपऱ्यांपासून वीतभर आत चार. बाकी सगळी पोकळी. ‘साहेब, सगळीकडे असंच करतात हो,’ सुपरवायझर म्हणाला. ते खरंही असेल.

व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शहाबादी किंवा जुनी मोझॅक सिमेंटची रबडी शोषून धरून बसायची. हिला तसं धरता येत नाही. म्हणून तिच्याखाली चिकट मसाला दात्यांच्या थापीने सगळीकडे सारखा पसरावा लागतो. ठिपक्यांवर बसवलेली फरशी चार-सहा महिने छान दिसते. मग कपाटाचा पाय नेमका कोपऱ्यावर येतो आणि कोपरा तडकतो. मालक म्हणतो, कपाट जड होतं.

हे मी कॉलेजात शिकलो नाही. कोल्हापूरच्या त्या मित्राला मी आजवर समोरासमोर पाहिलेलंही नाही.

आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. ‘घर तपासणारे’ म्हटलं की लोकांना आयकराची धाड आठवते. अमेरिकेत या कामाची संघटना 1976 पासून आहे आणि बऱ्याच राज्यांत परवाना लागतो. आपल्याकडे 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या यादीवरच्या इंजिनिअरकडून करून घ्यावं लागतं, पण नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी तो तपासायला कोणी यावं, याचा नियम नाही. तरीही काम वाढलं ते रेरामुळे. कायदा 2016 चा, महारेरा सुरू झालं 1 मे 2017 ला. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण दोष आधी दिसायला हवा आणि नीट लिहायला हवा. ‘बाथरूममध्ये प्रॉब्लेम आहे’ याला कोणी विचारत नाही. ‘न्हाणीतला उतार जाळीच्या उलट दिशेला, पाणी दारापाशी साचतं’ याला उत्तर द्यावं लागतं.

(प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांत त्या जाळीखालच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंजिनिअरिंगला आपण दिलेल्या शब्दांपैकी हा एक, आणि नेमका गळणारा.)

पूर्वी ही विद्या गवंड्याच्या हातात असायची. तो ती सहज देत नसे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या साइटवरचा मिस्त्री ओळंबा लावताना मुद्दाम पाठ करून उभा राहायचा. इंजिनिअर मंडळीही फार वेगळी नव्हती. भारतीय मानकांच्या पुस्तिका विकत घ्यायच्या, त्या महाग, म्हणून झेरॉक्सची झेरॉक्स फिरायची आणि तक्त्यातला आकडा 3 आहे की 8 यावर वाद व्हायचा. 2013 च्या सुमारास कार्ल मालामूद नावाच्या अमेरिकन माणसाच्या संस्थेने हजारो भारतीय मानकं इंटरनेटवर ठेवली. लोकांवर बंधनकारक असलेला नियम लोकांना विकत का घ्यावा लागावा, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो न्यायालयापर्यंत गेला. आता मानक ब्युरो स्वतःच ती फुकट उतरवून घेऊ देतं. पुस्तक सगळ्यांच्या खिशात आल्यावर लपवून ठेवण्यासारखा राहिला तो फक्त अनुभव. तो ग्रुपवर सांडायला लागला लॉकडाउनमध्ये. साइट बंद, माणसं घरी, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा वर्षांचे भेगांचे फोटो.

सुरुवातीला ते फोटो कुचकामी होते. पांढऱ्या भिंतीवर एक काळी रेघ आणि खाली ‘सर, काय कारण असेल?’ ही रेघ केसाएवढी की बोट जाईल एवढी, हॉलची की जिन्यातली, काही कळायचं नाही. मेरीतून निवृत्त झालेले एक सर ग्रुपवर आहेत. दिंडोरी रोडवरची मेरी म्हणजे राज्याची 1959 पासूनची अभियांत्रिकी संशोधन संस्था. तिथे वाळूचा कणही चाळून, तोलून मग बोलायची शिस्त. ते वैतागून म्हणाले, ‘डॉक्टरला नुसतं पोट दुखतंय सांगता का?’ तेव्हापासून नियम झाला : एक फोटो दुरून, एक जवळून, एक पट्टी लावून. सोबत मजला, भिंतीची दिशा, भिंतीच्या पलीकडे काय आहे आणि फोटो किती वाजता काढला. मालकाचं आणि बिल्डरचं नाव टाकायचं नाही. भिंतीवर घरच्यांचे फोटो लागलेले असतील तर तेवढा भाग कापायचा.

एवढी माहिती आली की निम्म्या प्रश्नांना उत्तरच लागत नाही. लिहिता लिहिता विचारणाऱ्यालाच कळतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, तुळईखाली आडवी सरळ गेलेली भेग, वीटकाम आणि कॉलम यांच्या सांध्यावर उभी उतरलेली भेग, या तिघींची घराणी वेगळी आहेत. तिसरी बहुतेक वेळा चिकन मेशची. गिलावा करताना सांध्यावर जाळीची पट्टी मारलेली नसते. तिने इमारत पडत नाही. मालकाची झोप मात्र उडते, आणि ती परत आणणं हेही आमच्याच कामात येतं.

‘भिंतीच्या पलीकडे काय’ हा रकाना माझ्यामुळे आला, हे सांगायला हवं. मी थर्मल कॅमेरा नवा घेतला होता. ओल असलेली जागा बाष्पीभवनामुळे थंड पडते आणि पडद्यावर निळी दिसते. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीवर दीड फुटाचा झकास निळा डाग सापडला. मी अहवालात ‘भिंतीत पाणी मुरत आहे’ लिहून मोकळा झालो. मालकांनी सोसायटीत तक्रार केली, शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं. आठ दिवसांनी तेच चित्र मी कौतुकाने ग्रुपवर टाकलं. नागपूरहून एका मुलीने विचारलं, ‘सर, पलीकडे एसी आहे का?’ नागपूरच्या माणसालाच सुचावा असा प्रश्न! होता. शेजाऱ्यांचा एसी नेमका त्या जागेवर हवा फेकत होता. ओल मोजायच्या यंत्राच्या सुया मी टोचून बघितल्याच नव्हत्या. मी मालकांकडे गेलो, नवा अहवाल दिला, पैसे परत केले. मग शेजाऱ्यांकडेही गेलो. त्यांनी चहा दिला, थंडच होता.

ते सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्याच रात्री चार जणांनी आपापल्या चुका लिहिल्या. त्यातली एक मी आजही रोज वापरतो. ओलीचं यंत्र खरं तर वीज किती वाहते तेवढंच मोजतं. भिंतीला लोणा लागलेला असेल तर क्षारांमुळे कोरडी भिंतही त्याला ओली वाटते. म्हणून लोण्याच्या भिंतीवर आकडा बघायचा नाही. कोरड्या भागाशी ताडून बघायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. दुसरी चूक विजेची. तीन दिव्यांचं छोटं टेस्टर सॉकेटमध्ये खुपसलं आणि दिवे बरोबर लागले की आपण ‘अर्थिंग ठीक’ लिहितो. पण कुणी सॉकेटच्या मागेच न्यूट्रलला अर्थिंगची तार जोडून ठेवली असेल, तरी दिवे तसेच लागतात. अमेरिकेतले तपासनीस ही लबाडी फार वर्षांपासून ओळखून आहेत. आम्हाला ती कळली तिकडे राहणाऱ्या एका नाशिककराच्या व्हिडिओ कॉलवर. घर त्याचं, राहणार आई-वडील. मी सॉकेट तपासत होतो, तो तिकडे रात्री जागून बघत होता. ‘काका, प्लेट उघडून दाखवता का?’ म्हणाला. उघडली. आत तांब्याच्या तारेचा इंचभर तुकडा, न्यूट्रलवरून थेट अर्थच्या स्क्रूला. त्याचे वडील शेजारी खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, ‘एवढ्याशा तारेसाठी त्याला तिकडून बोलावं लागलं.’ मी काय बोलणार?

जुन्या इमारतींत ग्रुपची मदत होते, पण जपून. तीस वर्षं ओलांडलेल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॉलमवर काँक्रीटचा कडकपणा मोजणारा रिबाउंड हॅमर मारला, आकडे इतके चांगले आले की सेक्रेटरी खूश. मेरीचे सर ग्रुपवर म्हणाले, आधी फिनॉल्फ्थॅलीन लावा. छिन्नीने बोटभर खोल खपली काढली, ताज्या जागेवर औषध शिंपडलं. निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं. इथे गुलाबी रंग आला तो पार आत, सळईच्या मागे. बाहेरचा सगळा थर तसाच राखाडी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारपणा खाल्ला की पृष्ठभाग कडक होतो, हातोडा फसतो आणि सळईचं संरक्षण मात्र गेलेलं असतं. म्हणजे म्हातारपणीचा कडकपणा. त्या कॉलमचा फोटो मी सेक्रेटरींना दाखवला तेव्हा त्यांना आकड्यांपेक्षा तो न आलेला रंग लगेच समजला.

वाड्यांपाशी मात्र फोन थांबतो. पावसाळा आला की महापालिका जुन्या नाशिकमधल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि दर पावसाळ्यात कुठली तरी भिंत बसते. भद्रकालीच्या बाजूच्या एका वाड्यात मी गेलो होतो. मातीत रचलेली भिंत, आत लाकडी खांब, बाहेरून चुन्याचा जाड गिलावा. ग्रुपवर फोटो टाकला. पुण्याहून, ठाण्याहून सिमेंट ग्राउटिंगचे सल्ले आले. तिथल्याच एका म्हाताऱ्या सुताराने खांबाला कान लावला, बुंध्याला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, ‘साहेब, हा खांब उभा नाही, भिंतीने धरलाय.’ वाळवीने तळ खाल्लेला होता. त्या भिंतीत दाबाने सिमेंट भरलं असतं तर माती भिजली असती आणि खांबाला धरणारंच गेलं असतं. सुताराचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं. पुण्याच्या गृहस्थांनी आपला सल्ला स्वतःहून मागे घेतला, हे मला फार आवडलं.

2008 आणि 2019 च्या पुरात गोदेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथलीही गत तीच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं की आपल्या जोत्याला लागतं, हे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, माणसाला पाठ असतं. लोणा किती उंचीवर थांबलाय त्यावरून तो कुठल्या वर्षाचा, हेही तो सांगतो. ते ज्ञान ग्रुपवर आणायचं तर आधी त्याच्या ओट्यावर बसावं लागतं.

ग्रुपवर कचराही भरपूर येतो. ‘एकदा लावा, गळती कायमची विसरा’ अशा डब्यांच्या जाहिराती, कुठल्याशा देशात कोसळणाऱ्या पुलाचे व्हिडिओ, गुड मॉर्निंग. नुसता फोटो बघून इमारत सुरक्षित आहे असं लिहून मागणारेही येतात. त्यांना आम्ही एकच उत्तर देतो : कुठे आहे सांगा, येऊन बघतो. सल्ला फोनवरून येतो. अहवालाखालची सही मात्र ज्याने हात लावून बघितलं त्याची.

पाथर्डी फाट्याच्या त्या घरात आम्ही न्हाणीची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरलं होतं. 48 तासांनी पुन्हा गेलो. पाण्याची पातळी भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेवर होती तिथेच होती, पण आम्ही खाली पाचव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. छत कोरडं होतं. अकरा फरश्या बदलून मिळाल्या, त्याला दीड महिना लागला.

तुम्ही घराचा ताबा घेणार असाल तर ताबापावतीवर सही करण्याआधी एवढं करा : न्हाणीत दोन दिवस पाणी तुंबवा, आणि खालच्या घराची बेल वाजवा.