रक्ताच्या कॅन्सरवरची रोजची गोळी

रक्ताचा कॅन्सर म्हटले की घरात लगेच रडारड सुरू होते. पण त्याचे अनेक प्रकार आहेत. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया, या प्रकाराचे बरेच रुग्ण आज इमॅटिनिबची गोळी घेऊन वर्षानुवर्षे शेती, दुकान, नोकरी करीत आहेत.

१९६० साली फिलाडेल्फियातील दोन शास्त्रज्ञांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी कारण शोधले: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या चुकीच्या जोडातून एक प्रथिन तयार होते. त्यातील ‘एबीएल’ हा भाग निरोगी शरीरातही असतो, मात्र त्याची सगळी कामे अजून पूर्ण उलगडलेली नाहीत. जोडप्रथिन मात्र पांढऱ्या पेशींना ‘वाढा, वाढा’ असा हुकूम देतच राहते. इमॅटिनिबचा छोटा रेणू त्याच्या खाचेत जाऊन बसतो आणि हुकूम थांबतो.

२००१ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झाले. नोव्हार्टिसच्या गोळीला महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये लागत. भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही पेटंटला हरकत घेतली होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. तो निकाल गरिबांच्या घरात पोहोचला, असे माझे मत आहे.

आता खरा धोका गोळी चुकण्याचा आहे. दोन-चार महिन्यांत रक्त सुधारते, अंगात ताकद येते आणि माणूस म्हणतो, झालो बरा. जोडप्रथिन तयार करणाऱ्या पेशी मात्र शिल्लक असतात. घाटंजीहून नागपूरला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. तरी ठरलेली तपासणी टाळू नये. गोळी कधी थांबवायची, हे त्या तपासणीवरून डॉक्टरच ठरवतील.

ही गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी पिऊन घेतात. म्हणून रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावे. गोळी दिवसातून एकदाच असेल तर ती इफ्तारच्या जेवणासोबत घेता येईल का, हेही विचारावे. त्यांनी नको म्हटले तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. काढे, अर्क किंवा हकिमाची पुडी घेत असाल तर तेही सांगावे. काही वनस्पतींमुळे औषधाचा असर कमी होतो. आणि घरात मूल हवे असेल तर दिवस राहण्यापूर्वी बाईने स्वतः डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला अपाय करू शकते.