इलेक्ट्रिक गाडीतला रस्त्याचा आवाज: पत्रा गप्प कसा करायचा?

इलेक्ट्रिक गाडीत टायरचा आवाज एवढा का जाणवतो? कारण त्याला झाकणारा इंजिनाचा आवाजच नसतो.

ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट आवाज अडवते, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती पत्र्याची थरथर मारते. वाजता टाळ बोटांनी धरला की गप्प होतो, तसंच. म्हणून गाडीभर मढवू नका. 2 मिमीची शीट चौरस मीटरला 3 ते 4 किलो भरते. खिसा हलका आणि गाडी जड होते.

पत्र्यावर टिचकी मारा. जिथे 'टण्ण' वाजेल, तिथे मधला पाव भाग झाकला तरी फरक कळतो. मी आधी मागच्या चाकांवरच्या कमानी घ्यायला सांगतो, मग दारं. पत्रा पुसा, शीट रोलरने दाबा, दारातली पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी मात्र वर फेल्ट किंवा फोम हवा.

गाडीच्या तळाशी बॅटरी असते. तिथे ड्रिल लावू नका, नारिंगी केबलला हात लावू नका.

आणि खर्चाआधी टायरमधली हवा तपासा. ठरल्यापेक्षा जास्त भरली असेल, तर निम्मी तक्रार पंपावरच मिटू शकते.