हात थांबला म्हणजे दारू सुटली?

‘मनात आणलं तर माणूस एका दिवसात दारू सोडेल,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सोडेलही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं ती घरच्या घरी अशी तडकाफडकी सोडली, तर जिवावर बेतू शकतं, हे कुणी सांगत नाही.

बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला अशी माणसं सकाळी ओळखू येतात. आमच्या शाखेतल्या एका खातेदाराची सही साडेदहाला कधी नमुन्याशी जुळत नसे. बाराला तीच झोकात उतरे. मधल्या वेळात ते कुठे जाऊन येत, हे सर्वांना ठाऊक होतं.

त्यामागचं कारण साधं आहे. दारू मेंदूला मंदावते. तिच्यावर मात करायला मेंदू सतत जास्त जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की जोर तेवढा उरतो. मग हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते.

ही धडधड, ही थरथर कमी करणारी गोळी आहे. तिचं नाव प्रोप्रॅनोलॉल. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांनी ती हृदयविकारासाठी शोधली. १९८८ साली त्यांना नोबेलही मिळालं. अ‍ॅड्रेनॅलिनचा हुकूम हृदयापर्यंत पोचूच द्यायचा नाही, हे तिचं काम. डॉक्टर कधीकधी ती दारू सोडवताना जोडीला देतात. जोडीला, हे महत्त्वाचं.

मुलीच्या साखरपुड्याआधी त्या खातेदारांनी दारू सोडली. ब्लडप्रेशरसाठी मेव्हण्याला दिलेल्या याच गोळ्या त्यांनी सुरू केल्या. दोन दिवस हात स्थिर. घरात आनंद. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, बायकोलाही ओळखेनात. वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून वाचले.

गोळीनं हात थांबवला होता, मेंदूतलं वादळ नव्हे. झटके आणि हा भ्रम तिनं टळत नाहीत. उलट नाडी शांत दिसल्यानं घरचे गाफील राहतात. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यावरची मुख्य औषधं निराळी. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. सोबत बी-१ जीवनसत्त्व लागतं. शिवाय दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल घातक ठरू शकतं.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे औषधांइतकंच बोलण्याला, माणसांच्या सोबतीला मोल आहे. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. कारण शरीरातली दारू काही दिवसांत उतरते, घरात साचलेली भीती उतरायला वर्षं लागतात.

तेव्हा घरातला कुणी ‘उद्यापासून बंद’ म्हणाला, तर त्याच्या निश्चयाचं कौतुक जरूर करा. पण ‘उद्या’ उजाडण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यालाच राहू द्या.